टोकियोची आडगल्ली आणि घाटनांदूरचे हातगाडे

जपानच्या राजधानीतील शिंजुकू हे स्थानक जगातील सर्वाधिक वर्दळीचे रेल्वे स्थानक म्हणून ओळखले जाते. त्याच्या पश्चिमेकडील दारातून बाहेर पडून, उंच इमारतींच्या पायथ्याशी लोहमार्गाला खेटून उजवीकडे वळले, की एक विलक्षण अरुंद गल्ली लागते. समोरून माणूस आला तर अंग चोरून भिंतीला टेकावे लागते, इतकी ती अरुंद. सायंकाळी कचेऱ्या सुटल्या की या गल्लीत तांबड्या कागदी कंदिलांची रांग उजळते. दारावर आखूड कापडी पडदे लटकू लागतात आणि कोळशाच्या शेगड्यांवर बांबूच्या काड्यांत ओवलेले मांसाचे तुकडे चरचरू लागतात. एकेका दुकानात बसायला जागा सहा ते दहा जणांची. बाकावर बसलेल्या गिऱ्हाइकाचा खांदा शेजाऱ्याच्या खांद्याला लागतो, आणि फळकुटापलीकडे उभा असलेला मालक एकाच वेळी भाजतो, वाढतो, हिशेब करतो आणि गप्पाही मारतो. या गल्लीचे नाव ‘ओमोइदे योकोचो’. योकोचो म्हणजे मोठ्या रस्त्याच्या कडेची आडगल्ली, आणि ओमोइदे म्हणजे आठवण.

देशोदेशींचे प्रवासी आता तेथे रांगा लावतात. टोकियोच्या एदोगावा भागात गेल्या वीस-पंचवीस वर्षांत भारतीय अभियंत्यांची चांगली मोठी वसाहत झाली असून तीत मराठी कुटुंबेही आहेत. त्यांच्याकडे पुण्या-औरंगाबादेहून कोणी पाहुणे गेले, की एका संध्याकाळी या गल्लीची फेरी ठरलेली असते. तेथील कंदिलांची छायाचित्रे त्याच रात्री मराठवाड्यातील नातेवाइकांच्या भ्रमणध्वनीवर येऊन पोहोचतात. ती पाहणारा कौतुकाने म्हणतो, ‘‘परंपरा कशी जपावी, हे त्या लोकांकडून शिकावे.’’ हे कौतुक अस्थानी आहे असे नाही. मात्र त्यात एक गैरसमज आहे, आणि तो दूर केल्याखेरीज त्या गल्लीपासून घेण्यासारखे जे आहे ते हाती लागत नाही.

गैरसमज असा, की ही गल्ली फार पुरातन आहे. वस्तुतः तिचे वय पाऊणशे-ऐंशी वर्षांहून अधिक नाही आणि तिचा जन्मही काही मंगल मुहूर्तावर झालेला नाही. १९४५ सालच्या हवाई हल्ल्यांत शिंजुकूचा परिसर बेचिराख झाला. युद्ध संपले तेव्हा स्थानकाबाहेरच्या त्या राखेवर फळकुटे आणि पत्रे टाकून उपाशी लोकांनी उपाशी लोकांसाठी दुकाने मांडली. तो चक्क काळा बाजार होता. धान्य आणि पीठ यांवर कडक नियंत्रण होते. त्यामुळे शेवया विकणे अवघड झाले, तेव्हा विक्रेत्यांनी नियंत्रणाच्या कक्षेबाहेर असलेली जनावरांची आतडी आणि काळीज भाजून विकण्यास आरंभ केला. आज ज्या पदार्थाची पारंपरिक म्हणून ख्याती आहे, तो टंचाईने शिकवलेला पदार्थ आहे. दुष्काळात मिलो खाल्लेल्या मराठवाड्याला हे फोड करून सांगण्याचे कारण नाही. गल्लीत शौचालयाची सोय नव्हती. त्यामुळे टोकियोच्या रहिवाशांनी तिला जे दुसरे नाव दिले, ते मूत्रविसर्जनावरून पडलेले होते. सभ्य समाजात उच्चारू नये असे ते नाव आजही जुन्या मंडळींच्या तोंडी आहे.

म्हणजे जी आज सांस्कृतिक ठेवा म्हणून मिरवते, ती एके काळी अतिक्रमण, घाण आणि बेकायदा व्यापार या तिन्ही सदरांत बसणारी वस्ती होती. मग ती टिकली कशी? या प्रश्नाचे उत्तर कंदिलांत सापडत नाही. ते सापडते १९४९ सालच्या एका सरकारी हुकमात आणि त्यानंतर घडलेल्या घडामोडींत.

त्या वर्षी, देशावर दोस्त राष्ट्रांच्या सैन्याचा अंमल असताना, टोकियोच्या रस्त्यांवरील सर्व मांडणीवाल्यांना पुढील वर्षाच्या वसंतापर्यंत रस्ता मोकळा करण्याचा आदेश निघाला. हजारो कुटुंबांच्या पोटावर पाय येणार होता. परंतु मांडणीवाल्यांनी आपापले संघ स्थापन केले, शहराच्या प्रशासनाशी वाटाघाटी केल्या, कर्ज उभारले आणि रस्त्याच्या मागच्या बाजूला, कोणाला फारशा नको असलेल्या चिंचोळ्या जागा पदरात पाडून घेतल्या. शिबुया स्थानकाजवळची ‘नोन्बेई योकोचो’ ही प्रसिद्ध आडगल्ली अशा पुनर्वसनातूनच १९५० च्या सुमारास उभी राहिली. तेथील सुमारे चाळीस दुकानांपैकी एकेकाची जागा शंभर चौरस फुटांपेक्षाही लहान आहे. शिंजुकूची ‘गोल्डन गाई’ ही आणखी एक वस्ती याच काळातल्या हलवाहलवीतून जन्मली. आपल्याकडे ‘गाडे उठवले’ या शब्दांबरोबर विषय संपतो. तेथे उठवलेल्याला बसायला जागा मिळाली, आणि ती जागा आपली आहे असे म्हणण्याचा आधार मिळाला. अरुंदपणा ही काही त्या गल्ल्यांची सौंदर्यदृष्टी नव्हे. जेवढी जागा मिळाली तेवढ्यात संसार मांडावा लागला, एवढाच तिचा अर्थ.

या आधाराचे मोल पुढे अनेकदा कळून आले. १९८० च्या दशकात टोकियोतील जमिनीच्या किमती आकाशाला भिडल्या, तेव्हा गोल्डन गाईवर बांधकामवाल्यांची दृष्टी गेली. त्या काळात आगी लावल्या जातील या धास्तीने तेथील व्यावसायिक आणि त्यांचे स्नेही रात्री आळीपाळीने पहारा देत. १९९९ च्या नोव्हेंबरमध्ये ओमोइदे योकोचोला खरोखरच आग लागली आणि दुकानांची एक रांग जळून गेली. गल्ली पुन्हा उभी राहिली, कारण मागे व्यापाऱ्यांचे संघटित मंडळ होते. जपानमध्ये सारे गोडच आहे, असे मात्र कोणी समजू नये. टोकियोच्याच तातेइशी भागातील अशी एक जुनी आडगल्ली २०२३ साली पुनर्विकासासाठी बंद झाली, आणि दुसरीकडे, मोठ्या व्यापारी संकुलांत कंदील टांगून नव्या कोऱ्या ‘जुन्या’ गल्ल्या तयार करण्याचा धंदा जोरात आहे. अस्सल पाडावे आणि नकलेला भाडे भरावे, ही रीत काही एकट्या आपल्या देशाची मिरास नाही.

घाटनांदूरच्या वाचकाला या सगळ्याशी काय कर्तव्य, असा प्रश्न येथे कोणी विचारील. बीड जिल्ह्याच्या अंबाजोगाई तालुक्यातील हे गाव परळी आणि लातूर रोड यांच्या दरम्यान लोहमार्गावर वसले आहे. अंबाजोगाई हे शिक्षणाचे एवढे केंद्र, स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय तेथे, योगेश्वरीचे स्थान तेथे. पण त्या शहरात रेल्वे नाही. आगगाडी गाठावयाची तर परळीला जावे किंवा घाटनांदूरला यावे. अशा स्थानकाच्या गावांची संध्याकाळ ही इतर खेड्यांच्या संध्याकाळीहून निराळी असते. शेजारच्या गावांत नोकरी करून परतणारे ‘अप-डाऊन’वाले शिक्षक आणि कारकून, खोली करून राहिलेली आणि मेसचे जेवण नकोसे झालेली पोरे, बाजार उरकून शेवटच्या बसची वाट पाहणारी माणसे, उशिरा धावणाऱ्या गाडीने ताटकळलेले प्रवासी, या सर्वांना दिवेलागणीच्या वेळी भूक लागलेली असते. आणि त्या भुकेला उत्तर म्हणून रस्त्याच्या कडेला चार हातगाडे उभे राहतात. एकाच्या कढईत मिरचीची भजी फुगत असतात, दुसऱ्याकडे आलुबोंडा निघतो, तिसरा मुरमुऱ्यांचा सुशीला किंवा भेळ कालवतो आणि चौथ्याच्या पातेल्यात चहा दिवसभर आटत आलेला असतो. घाटनांदूर काय, मराठवाड्यातील कोणतेही स्थानकाचे वा फाट्यावरचे गाव घ्या, हे चित्र चुकत नाही. योकोचो म्हणतात ती हीच. फक्त कंदिलाच्या जागी वीज-दिवा आहे आणि तोही कोणाच्या तरी दुकानातून ओढलेल्या तारेवर जळतो आहे.

या गाड्याचे अर्थशास्त्र पाहिले म्हणजे प्रश्नाचे गांभीर्य ध्यानात येते. गाडा, शेगडी, कढई आणि झारा हे त्याचे भांडवल. बेसन, तेल, बटाटे सकाळी किराणा दुकानातून उधार आणायचे आणि रात्री गल्ला मोजून ती उधारी फेडायची. जे उरेल ते घरचे. ही उधारी ज्या विश्वासावर चालते तो विश्वास एकच आहे, की हा माणूस उद्याही त्याच जागी उभा असेल. गिऱ्हाईकही त्याच विश्वासावर येते. भजी कोणाची चांगली, हे गावाला माणसाच्या नावावरून जेवढे कळते त्याहून अधिक जागेवरून कळते. पिंपळाखालची, स्टँडासमोरची, फाटकाजवळची अशी ती ओळख असते. ती जागा गेली की ओळख जाते, ओळख गेली की गिऱ्हाईक जाते, आणि गिऱ्हाईक गेले की किराणा दुकानदार वही मिटतो. बीड जिल्ह्यातून दर वर्षी दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जाणारी लक्षावधी माणसे डोळ्यांपुढे आणली, तर या चार गाड्यांचे महत्त्व अधिक स्पष्ट होईल. गावात राहून, मुलांची शाळा न तोडता, रोख पैसा मिळवून देणारे जे थोडे उद्योग कोरडवाहू मुलखात आहेत, त्यांत हा एक आहे. तो अनेक घरांत बाईच्या हातावर चालतो. पीठ ती कालवते, चटणी ती वाटते. गाड्यावर उभा असतो तो फक्त विकणारा.

आता एक आक्षेप विचारात घेणे भाग आहे, कारण तो करणारी मंडळी सुशिक्षित आहेत आणि त्यांचे म्हणणे खोटे नाही. हे गाडे घाण करतात, तेच तेल पुनःपुन्हा तापवतात, उष्टे पाणी रस्त्यात ओततात, पायी जाणाऱ्याची वाट अडवतात, असा तो आक्षेप आहे. आक्षेप खरा आहे. चूक आहे ती त्यावरून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षात. ज्या माणसाला आपली जागा उद्या राहील की नाही याची शाश्वती नाही, तो पाण्याची टाकी का बसवील? झाकणाचे काचेचे कपाट का घेईल? सांडपाण्यासाठी शोषखड्डा कोणाच्या जमिनीत खणील? ज्याला हुसकावले जाण्याची भीती असते तो आपला सगळा पसारा अर्ध्या तासात उचलता येईल इतकाच ठेवतो, आणि अर्ध्या तासात उचलता येणाऱ्या पसाऱ्यात नळ बसत नाही. ज्या शिंजुकूच्या गल्लीचे नाव घेण्याची एके काळी लाज वाटे, ती स्वच्छ झाली ती स्थिरावल्यानंतर. आधी स्वच्छ व्हा, मग स्थिर करू, अशी अट तिला कोणी घातली असती तर ती आज अस्तित्वातच नसती.

जपानमधील फुकुओका शहराचा अनुभव या बाबतीत फार बोलका आहे. तेथे ‘याताई’ नावाचे खाद्यपदार्थांचे गाडे संध्याकाळी पदपथावर उभे राहतात आणि पहाटेपूर्वी उचलले जातात. १९६० च्या दशकात त्यांची संख्या चारशेच्या वर होती. पुढे रहदारी, दुर्गंधी आणि गोंगाट यांच्या तक्रारी वाढल्या आणि १९९० च्या दशकात असे धोरण ठरले, की नवा परवाना द्यावयाचा नाही आणि जुना परवाना त्या माणसाबरोबर, त्याच्या पिढीबरोबर संपवावयाचा. कोणालाही न उठवता सर्वांना संपवण्याची ही युक्ती होती. माणसे म्हातारी होत गेली, गाडे घटत गेले. अखेर त्या शहराच्या ध्यानात आले, की आपली ओळखच आपण मारीत आहोत. २०१३ साली तेथील नगरपालिकेने याताईंसाठी स्वतंत्र नियमावली केली. दरपत्रक स्पष्ट लावावे, पायी जाणाऱ्यास वाट मोकळी ठेवावी, कच्चे पदार्थ विकू नयेत, परवाना ज्याच्या नावावर त्यानेच गाडा चालवावा, तो भाड्याने देऊ नये, असे नियम त्यात आहेत. आणि त्या बदल्यात नव्या माणसाला जाहीर निवडीतून जागा मिळण्याचा मार्ग खुला झाला. २०१७ साली अशा निवडीतून आलेले नवे गाडे उभे राहिले. आज तेथे शंभराच्या आसपास याताई आहेत. चारशेचे शंभर झाले ते झालेच. पण घसरगुंडीला कोठेतरी पायरी सापडली. परवाना भाड्याने देऊ नये, हा त्यांतला नियम आपल्याकडच्या मंडळींनी विशेष लक्षात घ्यावा. जागा एकाची, गाडा दुसऱ्याचा आणि रोजचा हप्ता तिसऱ्याला, हा प्रकार फक्त मोठ्या शहरांतच चालतो असे नाही.

जपान फार दूर वाटत असेल तर इंदूर पाहावे. होळकरांच्या या राजधानीतील सराफ्यात दिवसा सोन्याचांदीचा व्यापार चालतो आणि रात्री दुकानांच्या फळ्या लागल्या, की त्याच पायऱ्यांपुढे खाद्यपदार्थांची बाजारपेठ भरते. भुट्ट्याचा कीस, हिवाळ्यात गराडू, दहीवडे, आणि मराठी वस्तीची खूण म्हणावी अशी साबुदाण्याची खिचडी. मध्यरात्र उलटून गेली तरी गर्दी हटत नाही. सराफांनी ही जत्रा प्रारंभी आनंदाने चालू दिली, कारण रात्रभर माणसांची ये-जा असली म्हणजे पेढीला आपोआप राखण मिळते, असे जुने लोक सांगतात. एकच जागा दोन व्यवसायांनी दिवसरात्र वाटून घ्यावी, याहून शहाणा व्यवहार दुसरा नाही. परंतु करार बोलण्यातला, कागदावरचा नव्हे. गाडे वाढत गेले, नव्या नव्या पदार्थांची दुकाने शिरली, गॅसच्या टाक्यांमुळे आगीचे भय वाढले, आणि अलीकडे सराफांनीच हा बाजार हलवण्याची मागणी लावून धरली. मूळचे, परंपरागत पदार्थ विकणारे ठेवावेत आणि मागाहून घुसलेले हलवावेत, असा तोडगा पुढे आला आहे. मूळचा कोण आणि मागाहूनचा कोण, हे ठरवायचे तर त्यासाठी नोंद हवी. ती ज्याच्यापाशी आहे तो तरेल.

नोंदीचा विषय निघाला की कायद्याकडे वळावे लागते, आणि येथेच घाटनांदूरचे दुर्दैव सुरू होते. फेरीवाल्यांचा प्रश्न आपल्या न्यायालयांपुढे जुनाच आहे. रस्त्यावर व्यापार करणे हा घटनेच्या एकोणिसाव्या कलमाखालील व्यवसाय-स्वातंत्र्याचा भाग आहे, मात्र अमुक एका जागेवर कायम बसण्याचा हक्क त्यातून निघत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सोदान सिंग खटल्यात १९८९ साली दिला. त्यानंतर पाव शतकाने, २०१४ साली, संसदेने पथविक्रेत्यांच्या उपजीविकेच्या संरक्षणाचा कायदा केला. कायदा चांगला आहे. दर पाच वर्षांनी विक्रेत्यांची पाहणी व्हावी, ती पूर्ण होईपर्यंत कोणालाही उठवू नये, नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचेच असावेत व त्यांतील एकतृतीयांश स्त्रिया असाव्यात, अशा तरतुदी त्यात आहेत. जेथे विक्रेते पन्नास वर्षांहून अधिक काळ व्यवसाय करीत आले आहेत असे नैसर्गिक बाजार वारसा-बाजार म्हणून घोषित करावेत आणि तेथील विक्रेत्यांना हलवू नये, असेही त्याच्या परिशिष्टात म्हटले आहे. ज्या देशाच्या कायद्याने भजीच्या गाड्याला वारशाचा मान देऊ केला, त्या देशाने जपानच्या कंदिलांकडे हेव्याने पाहण्याचे कारण नाही.

कायदा प्रत्यक्षात किती शहरांत नीट अमलात आला, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथे मुद्दा निराळा आहे. हा कायदा महानगरपालिका, नगरपरिषद, नगरपंचायत, छावणी मंडळ अशा शहरी संस्थांच्या हद्दीसाठी आहे. ग्रामपंचायतीच्या गावाला तो लागू पडत नाही. शिवाय त्याच कायद्याच्या पहिल्याच कलमात म्हटले आहे, की रेल्वेच्या मालकीच्या जमिनी, आवार आणि गाड्या यांना तो लागू असणार नाही. आता घाटनांदूरसारख्या ठिकाणी हातगाडा कोठे उभा असतो? स्थानकाच्या अंगणात उभा असेल तर ती जागा रेल्वेची, आणि १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या १४४ व्या कलमाने तेथे परवान्यावाचून फेरी करणे हा गुन्हा. हमरस्त्याच्या कडेला उभा असेल तर रस्ता बांधकाम खात्याचा. गावठाणात सरकला तर तेथे ग्रामपंचायत, जिच्या हाती १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या ५३ व्या कलमाने रस्त्यावरील अतिक्रमण दूर करण्याचा अधिकार आहे. उठवण्याचा अधिकार असलेली कचेरी या तिन्ही ठिकाणी आहे. बसवण्याची जबाबदारी असलेली कचेरी एकाही ठिकाणी नाही.

बरे, या माणसाला शासन ओळखत नाही म्हणावे, तर तसेही नाही. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याने लहानात लहान खाद्यविक्रेत्यालाही नोंदणीच्या कक्षेत आणले आहे आणि तो कायदा खेड्याला आणि शहराला सारखाच लागू आहे. म्हणजे नियमनासाठी भजीवाला हा व्यावसायिक आहे; संरक्षणाची वेळ आली की तो अतिक्रमक आहे. महासाथीच्या काळात, २०२० साली, पथविक्रेत्यांना बिनतारण दहा हजार रुपयांचे खेळते भांडवल देणारी केंद्राची योजना निघाली, तीही शहरांपुरतीच होती. २०२५ साली तिची फेररचना झाली तेव्हा जनगणना-नगरे आणि शहरांलगतचा प्रदेश टप्प्याटप्प्याने तिच्यात घेण्याचे ठरले. शहर गावाकडे सरकेल तेव्हा गावच्या गाडेवाल्याला कर्ज मिळेल, असा याचा सरळ अर्थ होतो. परळी-अंबाजोगाईच्या नगरपरिषद हद्दीत उभ्या असलेल्या गाड्याला जे मिळू शकते, ते काही कोसांवरच्या घाटनांदूरच्या गाड्याला मिळू शकत नाही, याचे समर्थन कोणत्या न्यायाने करावयाचे? तेल दोघांनाही एकाच भावाने घ्यावे लागते.

संसदेने कायदा दुरुस्त करून मोठ्या गावांना त्याच्या कक्षेत आणावे, ही मागणी योग्यच आहे आणि मराठवाड्याच्या लोकप्रतिनिधींनी ती करावयास हवी. पण दिल्लीच्या दुरुस्तीची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. ग्रामपंचायतीला बाजारावर आणि आठवडी बाजारावर फी बसवण्याचा अधिकार पूर्वीपासून आहे, आणि ती फी बहुतेक ठिकाणी वसूलही होते. आठवड्याच्या बाजाराला जागा आखून देता येते, ओटे बांधता येतात, तर संध्याकाळच्या बाजाराला का नाही? गावठाणातील एखादी मोकळी जागा, शक्यतो बसथांबा आणि स्थानक यांच्या वाटेवरची, सायंकाळी पाच ते दहा या वेळेपुरती ठरवून द्यावी. तेथे एक नळ, एक झाकलेले गटार, दोन दिवे आणि स्त्रियांना वापरता येईल असे एक स्वच्छतागृह असावे. दूरच्या ठिकाणी जागा दिली तर मात्र हा सारा खटाटोप फुकट जाईल. भुकेला माणूस गाडी सुटण्याच्या भीतीने अर्धा मैल चालत जात नाही, आणि गिऱ्हाईक नसलेल्या ओट्यावर गाडेवाला आठ दिवसही थांबत नाही. गावाबाहेर बांधलेली आणि ओस पडलेली व्यापारी संकुले या जिल्ह्याने पुष्कळ पाहिली आहेत.

रेल्वेच्या आवाराबाबत पंचायतीचे काही चालणार नाही, हे खरे. तरी स्थानकाच्या हद्दीबाहेर, दारालगत, जी पट्टी गावाची आहे ती नकाशावर दाखवून घेणे तिला अशक्य नाही. भूमापन कचेरीतून हद्दीच्या खुणा मागवल्या तर निम्मे वाद तेथेच मिटतील. कित्येक गावांत गाडेवाला वर्षानुवर्षे ज्या जागी भीत भीत उभा असतो ती जागा रेल्वेची की गावाची, हे त्याला ठाऊक नसते आणि त्याला उठवणाऱ्यालाही ठाऊक नसते.

या कामात गावातील शिक्षक आणि कारकून यांचा हातभार लागण्यासारखा आहे, कारण हे काम लिहिण्याचे आहे. कोणता गाडा कोणाचा, कोणत्या वर्षापासून, कोणत्या जागी, काय विकतो, घरातील किती माणसे त्यावर राबतात, हंगामात तो बंद राहतो का, याची साधी यादी महाविद्यालयातील विद्यार्थी दोन संध्याकाळी फिरून तयार करू शकतील. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात रस्ता झाडण्यापेक्षा हे काम कमी उपयोगाचे नाही. १९५० च्या आगेमागे टोकियोच्या मांडणीवाल्यांनी आपले संघ केले तेव्हा त्यांच्यापाशीही प्रारंभी सभासदांच्या याद्यांपलीकडे फारसे काही नव्हते. कोणाची जागा कोणती, हे गावातल्या सर्वांना तोंडपाठ असते. ते ज्ञान ग्रामसभेच्या वहीत उतरले, तर पुढे कोणताही अधिकारी आला तरी त्याला आधी ती वही उघडावी लागेल. आणि उद्या पथविक्रेत्यांचा कायदा गावांपर्यंत आला, तर पन्नास वर्षे मोजण्याची सुरुवात कोठून करावयाची, याचे उत्तरही त्याच वहीत असेल.

ग्रामसभा वर्षातून चार वेळा भरते. बाजार-फीची पावती आजही फाडली जाते. मात्र तीवर रक्कम असते, जागा नसते. पावतीवर गाडेवाल्याचे नाव आणि त्याच्या जागेचा क्रमांक असे दोन रकाने वाढवावेत, आणि घरात राबणाऱ्या बाईचेही नाव त्यात यावे, एवढा ठराव येत्या सभेपुढे मांडण्यास कोणाची हरकत असण्याचे कारण दिसत नाही.